पांढरा कोट की काळा डगला?

जून महिना आपल्याकडे पावसाच्या प्रतीक्षेचा, तसाच घरोघरी चालणाऱ्या एका मूक तणावाचाही महिना असतो. बारावीचा निकाल मे महिन्यात लागून गेलेला असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकालही जूनच्या मध्यास हाती येतो. मग ज्या घरात अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरातील रात्रीच्या जेवणाच्या वेळची संभाषणे एकाएकी आखूड होतात. उच्च माध्यमिक वर्गांना तीसएक वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या शिक्षकाच्या दारावर या दिवसांत अजूनही थाप पडते. येणाऱ्या पालकाचा प्रश्न बहुधा आधीच ठरलेला असतो, आणि त्याचे उत्तरही त्याने मनाशी ठरवलेले असते. त्याला हवी असते ती केवळ शिक्षकाची संमती.

गेल्या जूनमध्ये अशीच एक विद्यार्थिनी वडिलांसह आली. वडील जिल्हा परिषदेत कारकून. मुलीला विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळालेले. ‘नीट’मध्ये मात्र शासकीय महाविद्यालयात जागा मिळावी इतके गुण नव्हते. आणखी एक वर्ष घरी बसून तिने पुन्हा परीक्षा द्यावी, असे वडिलांचे म्हणणे होते. मुलीने मात्र घरात कोणाला न सांगता पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन ठेवली होती आणि तीत तिला चांगले यश मिळाले होते. “सर, हिला तुम्हीच समजावा. डॉक्टर व्हायचे सोडून ही वकिली करणार म्हणते,” वडील म्हणाले. मुलगी जमिनीकडे पाहत गप्प बसली होती.

समजावण्याचे ते काम मी केले नाही. का केले नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गुणांची उतरंड

आपल्या समाजात अभ्यासक्रमांची एक उतरंड मांडलेली आहे. सर्वांत वर वैद्यकी आणि अभियांत्रिकी, त्याखाली बाकीच्या विद्या, आणि अगदी तळाशी ‘काहीच जमले नाही तर’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या शाखा. बारावीनंतर मुलाने कोठे जावे हे त्याच्या वृत्तीवरून ठरत नाही. त्याच्या गुणांनी तो उतरंडीच्या ज्या मडक्यापर्यंत पोहोचतो, तेथे त्याला ठेवले जाते. कायद्याचे मडके गेली कित्येक वर्षे बरेच खाली राहिले आहे. दहावीत नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीने वकील होण्याची इच्छा बोलून दाखवली, तर नातेवाईक हळहळतात. त्या हळहळीत तिच्या गुणांचा अपव्यय होत असल्याची भावना असते.

वास्तविक, ही उतरंड फार जुनी नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले आणि शासकीय विधी महाविद्यालयाची परंपरा १८५५ पर्यंत मागे जाते. म्हणजे या दोन्ही आधुनिक विद्या महाराष्ट्रात दहा वर्षांच्या अंतराने आल्या. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत आपल्या सार्वजनिक जीवनाचे नेतृत्व मोठ्या प्रमाणावर कायदा शिकलेल्या माणसांकडे होते. न्यायमूर्ती रानडे कायद्याचे पदवीधर होते. लोकमान्य टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन आले आणि १९३५ साली मुंबईच्या त्याच शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या काळी हुशार मुलगा वकील होणार हे गृहीत धरले जाई.

पुढे चित्र पालटले. स्वातंत्र्यानंतर उद्योग, धरणे, कारखाने आणि रुग्णालये उभी राहू लागली. अभियंता आणि डॉक्टर ही नव्या भारताची प्रतीके ठरली. कायद्याचे शिक्षण मात्र शहरांतील सकाळच्या वर्गांपुरते उरले. नोकरी सांभाळून, बढतीच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून, कित्येक कारकुनांनी आणि शिक्षकांनी ते वर्ग केले. आज या वृत्तपत्राच्या वाचकांतही असे अनेक जण असतील. त्यांनी कष्टाने पदवी मिळवली यात शंका नाही. परंतु कायदा हा मुख्य व्यवसाय नसून जोडविद्या आहे, ही समजूत त्यातून दृढ झाली. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही आपली म्हण तर सर्वश्रुतच आहे. ज्या पायरीवर शहाण्याने पाऊल ठेवू नये, त्या पायरीवर आपल्या मुलीने जन्म काढावा असे कोणत्या बापाला वाटेल?

तथापि, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळूर येथे राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले आणि बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वाट रुळली. आज देशात अशी वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही ती आहेत. पुण्या-मुंबईची जुनी विधी महाविद्यालये आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालये हाच पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. त्यामुळे वैद्यकी की वकिली हा प्रश्न पूर्वी पदवीनंतर पडत असे, तो आता बारावीच्या उंबरठ्यावरच उभा राहतो. प्रश्न नवा आहे. त्याला दिली जाणारी उत्तरे मात्र जुनीच आहेत.

पांढऱ्या कोटाचा हिशेब

डॉक्टरीविषयी आपल्या मनात जो आदर आहे, तो सार्थ आहे. मात्र आदर आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी होत. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या आणि त्यांपैकी सुमारे निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत होत्या. म्हणजे वीस-बावीस उमेदवारांमागे एक जागा. आणि कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या मुलाला परवडेल अशी शासकीय जागा चाळीसेक उमेदवारांमागे एक. खासगी महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क कित्येक लाखांच्या घरात असते, आणि काही अभिमत विद्यापीठांत ते वर्षाला २० लाखांच्याही पुढे जाते. मुलगा नापास झाला म्हणून नव्हे, जागाच नाहीत म्हणून तो बाहेर राहतो, हे पालकांनी आधी समजून घेतले पाहिजे. एका तीन तासांच्या परीक्षेतील चार-दोन प्रश्नांनी हजारो विद्यार्थ्यांचे क्रमांक मागे-पुढे होतात. त्यावरून मुलाच्या बुद्धीचे किंवा कष्टाचे माप काढणे हा अन्याय होय.

जागा मिळाली तरी वाट लांबच असते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता, शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा, त्यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे. हा क्रम अखंड चालला तरी विद्यार्थी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. केवळ एम.बी.बी.एस. होऊन दवाखाना थाटावा, गावाने ‘डॉक्टरसाहेब’ म्हणावे आणि संसार सुखाने चालावा, हे चित्र आजच्या शहरांत तरी राहिलेले नाही. रुग्ण दगावला की नातेवाइकांचा संताप डॉक्टरवर कोसळतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले.

येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. २०२४ च्या ‘नीट’ची प्रश्नपत्रिका फुटल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या लाखो मुलांचे भवितव्य त्या आठवड्यांत वकिलांच्या युक्तिवादांवर अवलंबून होते. जी विद्या आपण उतरंडीच्या तळाशी ठेवली होती, तिच्याकडेच त्या मुलांच्या आई-बापांचे डोळे लागले होते.

काळ्या डगल्याचा हिशेब

म्हणून वकिलीची वाट सोपी आहे असे कोणी समजू नये. किंबहुना, वैद्यकीय जागा मिळाली नाही म्हणून दुखावलेल्या मनाने जो कायद्याकडे वळतो, त्याची येथे अधिकच निराशा होते. पाच वर्षांनी पदवी मिळते, राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद मिळते आणि अखिल भारतीय स्तरावरची वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. त्यानंतर आरंभ होतो तो ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालील उमेदवारीचा. या काळात कनिष्ठाला अनेक ठिकाणी प्रवासखर्च निघेल एवढेही मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरांत दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. ज्याच्या घरात वकिलीची परंपरा नाही, ज्याला पक्षकार आणून देणारा मामा-काका नाही, त्याची पहिली पाच-सात वर्षे ही खरोखरच परीक्षेची असतात. डॉक्टरची परीक्षा प्रवेशापूर्वी होते. वकिलाची पदवीनंतर सुरू होते, एवढाच काय तो भेद.

न्यायाधीश होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मधील निकालाने पुन्हा लागू केली. पदवी घेताच स्पर्धा परीक्षा देऊन न्यायासनावर बसता येईल, हा हिशेब त्यामुळे चुकला आहे. मात्र त्यात अन्याय झाला असे मला वाटत नाही. पक्षकाराचा घाम ज्याने जवळून पाहिला नाही, त्याने त्याचा निवाडा करू नये, हे तत्त्व योग्यच आहे.

जमेच्या बाजूलाही काही गोष्टी आहेत. कायद्याचे शुल्क सर्वसामान्य महाविद्यालयांत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात असते. सनद घेताना राज्य कौन्सिलांनी उकळलेल्या अवाच्या सवा रकमांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पायबंद घातला आणि कायद्यात ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा, अधिक रक्कम घेता येणार नाही असा निर्णय दिला. शिवाय महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालू शकते. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या दिवसापासून इंग्रजी ग्रंथांशी झुंजणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला, तालुक्याच्या न्यायालयात आपली भाषा हेच शस्त्र म्हणून वापरता येते. उच्च न्यायालयात इंग्रजी आवश्यक असते, हे खरे. परंतु तेथवर जाईपर्यंत तीही अंगवळणी पडू शकते.

आणि काम नाही, असे तर म्हणताच येणार नाही. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. घटनेत १९७६ साली समाविष्ट झालेले कलम ३९-अ गरिबाला मोफत विधी साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवते. ते कर्तव्य पार पाडायला चांगल्या, अभ्यासू आणि प्रामाणिक वकिलांची वानवा आहे. खेड्यात डॉक्टर नाही याची आपण तक्रार करतो. जमिनीच्या वाटणीत फसवली गेलेली विधवा आणि नुकसानभरपाईसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारा धरणग्रस्त यांना भरवशाचा वकील मिळत नाही, याची तक्रार सहसा कोणी करत नाही.

वृत्तीचा प्रश्न

हे दोन्ही हिशेब मांडून झाले, तरी निर्णय होत नाही. आणि होऊही नये. कारण दोन्ही व्यवसायांतला खरा फरक पैशाचा किंवा वर्षांचा नसून वृत्तीचा आहे.

डॉक्टर आणि वकील, दोघांकडेही माणूस संकटात सापडल्यावरच येतो. दोघांनाही त्याची गुपिते कळतात आणि दोघांनाही ती पोटात ठेवावी लागतात. पण डॉक्टरपुढे रोगाची बाजू मांडायला कोणी उभा नसतो. वकिलासमोर मात्र नेहमीच दुसरा वकील असतो, आणि त्याच्या म्हणण्यातही काही तथ्य असते. ज्याला मतभेद सहन होत नाहीत, ज्याला आपले म्हणणे खोडून काढलेले अपमानासारखे वाटते, त्याने काळ्या डगल्याच्या वाटेला जाऊ नये. उलट, ज्याला अपुऱ्या माहितीवर क्षणार्धात निर्णय घ्यावा लागला की रात्रभर झोप येत नाही, त्याने शल्यगृहाचा विचार करताना दहा वेळा थांबावे. डॉक्टरला त्याच्या निर्णयाचे फळ बहुधा काही तासांत किंवा दिवसांत दिसते. वकिलाला ते दिसायला वर्षे जातात. कधीकधी पक्षकार निकालापूर्वीच जग सोडून जातो. तातडी सोसण्याची आणि विलंब सोसण्याची, अशा या दोन भिन्न शक्ती आहेत. प्रत्येकात दोन्ही सारख्याच असतात असे नाही.

उत्तरदायित्वाच्या बाबतीतही असाच भेद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरची सशुल्क सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलाची सेवा त्या कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला. यातील कोणता निर्णय अधिक योग्य, याची चर्चा कायदेपंडित करोत. विद्यार्थ्याने त्यातून एवढेच घ्यावे की, रुग्ण बरा झाला नाही तर डॉक्टरला जाब विचारणारी यंत्रणा बाहेर आहे. वकिलाला जाब विचारणारी यंत्रणा मुख्यतः त्याच्या व्यवसायसंस्थेत आणि त्याहूनही अधिक त्याच्या सदसद्विवेकात असते. ज्या व्यवसायात बाहेरचा धाक कमी, तेथे आतला धाक जास्त लागतो.

अभ्यास दोन्हीकडे जन्मभराचा आहे. १ जुलै २०२४ रोजी १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे अमलात आले, तेव्हा चाळीस वर्षे वकिली केलेल्यांनाही कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागले. ‘एकदा पदवी मिळाली की सुटलो’ असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी या दोन्ही वाटा नाहीत.

माझी एक चूक

वर म्हटलेले सारे मला आज सुचते. वीस वर्षांपूर्वी सुचले नव्हते. त्या वेळी एका विद्यार्थ्याचे वडील असाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा हुशार होता, वक्तृत्व स्पर्धा गाजवत असे, वर्गातील भांडणे सोडवत असे. वैद्यकीय प्रवेशासाठी त्याला थोडे गुण कमी पडले होते. मी त्याच्या गुणपत्रिकेवरून नजर फिरवली आणि अधिकारवाणीने सांगितले, “आणखी एक वर्ष बसू द्या, नक्की होईल.” झाले नाही. दुसरे वर्ष गेले, तिसरेही गेले. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून शिकवणी वर्गांचे शुल्क भरले. तिसऱ्या निकालानंतर त्या मुलाने गावात कोणाच्या समोर येणेच सोडून दिले.

पुढे त्याने विज्ञानाची पदवी घेतली, नंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम केला आणि आज तो एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. मी ओशाळून काही बोलू लागलो, तेव्हा त्याने मला थांबवले. म्हणाला, “सर, तुमच्यावर राग नाही. पण त्या दिवशी मला किती गुण मिळाले एवढेच तुम्ही विचारलेत. मला काय आवडते, ते तुम्हीही विचारले नाहीत आणि बाबांनीही नाही.”

त्याचे बरे चालले आहे, म्हणून माझी चूक लहान ठरत नाही. अठरा ते एकवीस ही तीन वर्षे त्याला कोणीही परत देणार नाही. पराभवाची जी भावना त्या वर्षांनी त्याच्या मनात रुजवली, ती काढायला आणखी कितीतरी वर्षे गेली असतील. अशी मुले आज प्रत्येक गावात आहेत. शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत यशस्वी मुलांची छायाचित्रे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी बसून हरलेल्यांची नसतात.

दोन दारे

निर्णय घेताना एक व्यावहारिक गोष्ट फारच थोडे लोक विचारात घेतात. वैद्यकीचे दार अरुंद आहे. त्यासाठी बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र झालेले असावे लागतात, आणि तेथे जाण्याचे वय व्यवहारात तरी लवकर निघून जाते. कायद्याला मात्र दोन दारे आहेत. एक बारावीनंतरचे पाच वर्षांचे, आणि दुसरे कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचे तीन वर्षांचे. डॉक्टर झालेल्यालाही पुढे कायद्याची पदवी घेता येते आणि तशी घेणारे आहेतही. म्हणून ज्याचा कल मनापासून वैद्यकीकडे आहे आणि मन थोडेसेच कायद्याकडे ओढते, त्याने आधी पहिले दार ठोठावण्यात शहाणपण आहे. परंतु ज्याचे मन कायद्यातच आहे, त्याने केवळ ‘ते दार काय, उघडेच राहील’ म्हणून आपली ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्या दाराशी उभे राहून घालवू नयेत.

शिवाय या दोन विद्यांमधली भिंत आपण समजतो तितकी उंच नाही. बालपणी लावलेल्या विवाहाला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात गाजला. पतीकडे नांदायला जा, नाही तर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोग, असा हुकूम १८८७ साली झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढील वर्षी तडजोड झाली. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची शुश्रूषा केली. कायद्याने जिला छळले, तिने वैद्यकीतून उत्तर दिले. बाबा आमटे यांची वाट याच्या उलट होती. ते वरोऱ्यात वकिली करत होते. ती सोडून त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा पत्करली, त्या रोगाचे शिक्षण कोलकात्यास जाऊन घेतले आणि आनंदवन उभे केले. त्यांचे दोन्ही पुत्र डॉक्टर झाले. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात तर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांना त्यांच्या खाटेपाशी पाठवले आणि त्यांच्या अहवालाचा आधार घेऊन जगण्या-मरण्याच्या हक्कासंबंधी निकाल दिला. त्या एका खाटेपाशी दोन्ही विद्यांना एकमेकींचा हात धरावा लागला. सारांश, अठराव्या वर्षी निवडलेली वाट ही जन्मठेप नसते. तिला तसे स्वरूप येते ते घरच्यांच्या हट्टामुळे.

काय करावे?

उपदेश सोपा असतो. म्हणून काही करता येण्याजोग्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, मुलाने निर्णयापूर्वी दोन्ही जागा डोळ्यांनी पाहाव्यात. आपल्याकडील न्यायालयांचे कामकाज सर्वसाधारणपणे खुले असते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर आठवडाभर बसावे. उलटतपासणी ऐकावी आणि ‘पुढची तारीख’ हे शब्द दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, तेही मोजावे. त्याचप्रमाणे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, परवानगी घेऊन, काही दिवस काढावेत. जखमा, वास, कण्हणे आणि रांगा यांच्यासमोर आपले मन काय म्हणते, ते ऐकावे. दोन्ही ठिकाणी फी पडत नाही.

दुसरी गोष्ट, सल्ला विचारायचा तो नामवंतांना विचारू नये. यशाच्या शिखरावरून खालची वाट नेहमीच सुंदर दिसते. नुकतीच आंतरवासिता संपवलेल्या डॉक्टरला आणि सनद घेऊन दोन वर्षे झालेल्या वकिलाला विचारावे. ते खरे सांगतील.

तिसरी गोष्ट, पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल, तर ती किती वेळा द्यायची हे पहिल्या निकालापूर्वीच घरात बसून ठरवावे आणि कागदावर लिहावे. निकालानंतर आशा आणि भीती यांच्यापुढे विवेकाचे काही चालत नाही. वडिलांनी घरची आर्थिक स्थितीही मुलापासून लपवू नये. ‘तू काळजी करू नकोस, मी पाहतो’ या वाक्यात प्रेम असते. पण कर्जाचा आकडा मुलाला परस्पर कळतो आणि मग तो अपराधी भावनेने अभ्यासाला बसतो.

चौथी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. गुणपत्रिका पाहण्यापूर्वी आपण विद्यार्थ्याकडे पाहावे आणि आई-वडिलांच्या देखत, त्याला स्वतःचे म्हणणे पुरे करू द्यावे. यापलीकडे आपला अधिकार नाही.

त्या जूनमध्ये मी एवढेच केले. मुलीला विचारले, “बाळ, तुला कायदा का शिकायचा आहे?” ती प्रथम अडखळली, मग बोलू लागली. आजोळच्या जमिनीचा वाद, त्यात आजीला न कळलेला एक कागद, त्यावर घेतलेला तिचा अंगठा. वडील ऐकत होते. ही हकीकत त्यांना माहीत होती. मुलीच्या मनात ती इतकी खोल गेली आहे, हे माहीत नव्हते. मी दोघांना न्यायालयात आणि रुग्णालयात जाऊन यायला सांगितले आणि निरोप दिला.

आठ-दहा दिवसांनी वडील एकटेच आले. साऱ्या आयुष्यात प्रथमच कोर्टाची पायरी चढलो, असे म्हणाले. आपला निर्णय अजून होत नाही, रात्री झोप लागत नाही, हेही सांगितले. उठता उठता दाराशी थांबून म्हणाले, “एक साक्ष चालू होती, सर. बाकावर जागा नव्हती, ही भिंतीला टेकून उभी. तासाभराने मागे जागा झाली, मी खूण केली, तरी बसली नाही. तिचे लक्षच नव्हते माझ्याकडे.”

एवढे बोलून ते पायऱ्या उतरून गेले. आता ते मला काही विचारायला येणार नाहीत, असे मला वाटले. आणि त्याचे समाधानच झाले.